मामांची कडू अळंबी

शिरोळच्या रानात ऊस बघत वाढलेली मी. अळंबी म्हणजे काय हे गगनबावड्याला सून म्हणून आल्यावर कळलं, आणि नसतं कळलं तर बरं झालं असतं. श्रावणात घरात मटण बंद, म्हणून माझे सासरे बाळासो जंगलात अळंबी शोधत फिरायचे. त्यांना मी मामा म्हणते. आणायचे मात्र नेमकी नको ती: जाड देठाची, तपकिरी, दिसायला देखणी आणि चवीला कडूजहर. गुराखीसुद्धा तिला कुत्र्याची छत्री म्हणून लाथेनं उडवतात. दरवर्षी मी ती उकिरड्यावर टाकायची, दरवर्षी मामा पुन्हा तीच घेऊन हजर.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात मामांनी ती स्वतःच निवडून, चिरून दिली. तुकड्यांवरून मला काय कळणार कप्पाळ? खोबरं भाजून मी चांगला तांबडा रस्सा केला. पहिल्याच घासाला सासूबाईंनी थू केलं, नवरा पाण्याकडं धावला. मामांनी वाटी संपवून पुढं केली.

"झ्याक झालंय की. आनखी वाढ."

सासूबाईंनी वाटीच ओढून घेतली. "जीभ हाय का चामडं तुमची?"

"चव कुटं लागतीया मला," मामा शांतपणे म्हणाले. "मुदतीचा ताप आल्ता न्हवं, पोराच्या लग्नाआदी? तवापासनं न्हाय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू माझं मटान बंद केलं असतंस."

केलंच असतं; चव न लागणाऱ्याला मटण कशाला, म्हणाल्या असत्या सासूबाई. माझं मात्र डोकं फिरलं. सासूबाईंनी माझ्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवलेली, नवरा काय खातोय हे न बघता जेवणारा. सुनेच्या हाताला चव आहे, असं म्हणणारे एकटे मामा. त्यांच्या त्या एका शब्दावर मी या घरात तग धरला होता.

"मग माझं जेवण चांगलं कसं म्हनत हुता?" मी विचारलं.

"पैल्या दिशी वाढताना तुझा हात थरथरत हुता. म्हनून म्हनलो. मग म्हनतच ऱ्हायलो."

माणूस भला आहे हो, पण त्या भलेपणाचा मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी आमटीत मीठच घातलं नाही.

"झ्याक," मामा म्हणाले.

"मीठ जास्ती झालंय," सासूबाई म्हणाल्या.

मला स्वयंपाक येतो का, हे आता मी विचारायचं तरी कुणाला?