आई पेडलवर पाय ठेवते तेव्हा

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय बाबा गाडीखाली उताणे पडलेले असताना झाले आहेत.

क्लचच्या नळीत हवा शिरली की पेडल लिबलिबीत होतं, गिअर पडत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दोन-चारदा दाबते आणि मग दाबूनच धरते. खाली बाबा पान्याने निपल, म्हणजे नळीच्या टोकाचा पोकळ स्क्रू, सैल करतात, तेलाबरोबर हवा फुसफुसत डब्यात पडते. निपल पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

हे आईला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं.

"अहो, फ्रिज घ्यायचा ना?"

"आत्ता? निपल उघडंय!"

"म्हणूनच विचारतेय. पाय दुखतोय माझा."

फ्रिज आला. असाच घराला रंग लागला, मावशी पंधरा दिवस राहून गेली, बाबांच्या मिशा गेल्या. शेजारच्या काकूसुद्धा आपली गाऱ्हाणी आईकडे मांडायला लागल्या. भल्या पहाटे हॉर्न तपासणं बाबांनी त्यातूनच बंद केलं. आईला काही हवं असलं की ती बाबांच्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाड्यांची पेडलं दाबत फिरायची आणि म्हणायची, "ह्यात हवा दिसतेय."

खरं तर निपल आवळायला पाव वळसा पुरतो, आणि पाना बाबांच्याच हातात असतो. पंधराव्या वर्षी हे माझ्या लक्षात आलं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणजे मला बरोबर कळलं होतं. समोरासमोर 'हो' म्हणणं त्या माणसाला जन्मात जमलं नाही.

मागच्या आठवड्यात मला लांबच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं. दोन दिवसांत कळवायचं होतं. जेवताना बाबा "नाही" म्हणाले, मी ताट सरकवून उठले. सकाळी आईने दूधवाल्याच्या धडधाकट टेंपोत हवा शोधून काढली. मी गॅरेजच्या दाराला टेकून, जीव मुठीत धरून उभी.

"अहो, पोरीला जाऊ द्यायचं ना?"

"जाऊ दे."

इतकं लगेच, की आम्ही दोघीही दचकलो. मग खालून पान्याचा आवाज आला. निपल आवळलं होतं. "सोड," बाबा म्हणाले.

आईने पाय सोडला नाही.

"अगं, सोड! हो म्हणालो ना!"

"ऐकलं मी."

दूधवाला घड्याळ बघायला लागला. बाबा सरपटत बाहेर आले आणि पाना हातात घेऊन नुसते उभे राहिले. आई काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिची पोटरी थरथरत होती, पण पाऊल तसूभर हलत नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"आई, झालं गं आता," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि पेडल आणखीच दाबलं.

शेवटी मीच टेंपोच्या उघड्या दारापाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तिचा पाय उचलून बाजूला ठेवला.