टायरवरचे चार आकडे

देवीचं नाव घेऊन सहा टायरांखाली सहा लिंबं ठेवली आणि त्यांच्या आड मी एक गोष्ट झाकली. ती सांगायला मला वर्ष लागलं. लोक आपले अनुभव सांगतात त्यात भक्ताची श्रद्धा मोठी असते. माझ्या अनुभवात माझी लबाडीच मोठी आहे. तरीही कृपा झाली, म्हणून तो सांगावासा वाटतो. पण सांगताना मान वर होत नाही, हे आधीच कबूल करतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात, देखभाल खात्यात, माझी नोकरी झाली आणि बोईसरलाच घर केलं. माझं काम रबरी होस पाइप तपासायचं. ॲसिडचे पाइप बाहेरून कितीही नवेकोरे दिसले, तरी मुदत उलटली की मी ते कापून भंगारात टाकायला लावायचो. नवीन कामगार कुरकुरायचे, "साहब, एकदम अच्छा है, एक बार भी नहीं लगाया." मी त्यांना ऐकवायचो की रबर न वापरताही म्हातारं होतं, त्याचं रूप बघू नका, वय बघा. हे मी इतक्या वेळा बोललो होतो की निरोपसमारंभात एकाने माझी नक्कल करून सगळ्यांना हसवलं. मीही हसलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आमच्याकडे माझ्या बायकोची थोरली बहीण राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्या मणक्याचं दुखणं असं की अर्धा तास बसलं की कळा सुरू होतात, आडवं व्हावंच लागतं. त्यामुळे कित्येक वर्षांत तिला गावाकडच्या कुलस्वामिनीचं दर्शन झालं नव्हतं. तिने कधी हट्ट केला नाही, पण चैत्र आला की ती गप्प गप्प व्हायची. निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की आक्काला झोपवूनच देवीला न्यायचं. कुंभवलीला एका शेडमध्ये बरीच वर्षं नुसती उभी असलेली जुनी मिनीबस मिळाली. उमरोळीच्या एका सुताराकडून मी तिच्यात पलंग, ओटा, कपाटं, एवढंसं देवघर असं सगळं करून घेतलं. त्या फिरत्या घराचं मला वेड लागलं होतं. जुने सहकारी बघायला यायचे, तेव्हा मी आधी त्यांना टायर दाखवायचो. नव्या टायरवर रबराची बारीक केस असतात ना, तेसुद्धा शाबूत होते. "गाडी जुनी, पण टायर नवे. नजर लागते पारखायला," असं मी मिशीवर ताव देऊन सांगायचो.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी टायरांना काळं पॉलिश लावत होतो. एका ठिकाणी चिखल खरवडला आणि खालून चार आकडे वर आले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं, आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बोटांवर मोजलं. अकरा वर्षं. खाली वाकून पाहिलं तर नक्षीच्या खाचांत केसासारख्या बारीक भेगा होत्या. पाइप असता तर मी क्षणभरही विचार केला नसता. पण त्या मापाचे टायर मागवायला आठवडाभर लागणार होता, दिवस ठरला होता, आक्काने देवीची साडी काढून उशाशी ठेवली होती. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण वेगळंच होतं. ज्यांच्यापुढे मी फुशारकी मारली, त्यांनाच सकाळी पूजेला बोलावलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी त्या आकड्यांवर पॉलिशचा आणखी एक हात फिरवला. मनात म्हणालो, आई, तुझ्याच दारी येतोय, आता तूच सांभाळ.

सकाळी पूजा झाली. बायकोने टायरांना हळदकुंकू लावलं, लिंबं चिरडली गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा वाकडी वाट करून आधी एडवणच्या देवीला नमस्कार करायचा आणि मग सफाळ्यावरून हमरस्ता धरायचा असं ठरलं होतं. आक्काला देवळाची टेकडी चढवेना, तिने गाडीतूनच हात जोडले. मी आणि बायको दर्शन घेऊन खाली आलो आणि किनाऱ्याजवळ सुरूच्या सावलीत गाडी लावून चहा केला. आक्काचा पलंगावर डोळा लागला होता, म्हणजे मला तसं वाटलं.

तेवढ्यात एक म्हातारा कोळी आला. खांद्यावर जाळ्याचा तुकडा, पायांना ओली वाळू. आमच्याकडे न बघता तो मागच्या टायराशी उकिडवा बसला, अंगठ्याने रबर दाबलं, खाचेत नख घातलं आणि मान हलवली. मग मला म्हणाला, "दादा, ही टायरं काढाल तवा आमाला द्याल का? होडीच्या बाजूला बांधाला पायजेत."

मला वाटलं, याने सगळ्या गावासमोर माझं धोतर फेडलं. मी म्हणालो, "काढायला काय झालं? नवे आहेत ते."

"नवी नाय वो. नुसती काली दिसतान. रबर सुकला हाय, बोंबलासारका. हे बगा." त्याने ओल्या तळव्याने टायर पुसला. पॉलिश निघालं आणि चार आकडे उघडे पडले. त्याला ते वाचायचेही नव्हते, त्याचं काम अंगठ्यावर भागलं होतं. मी मात्र भडकलो. मेकॅनिक आहेस का, गाडीला हात का लावलास, आपलं जाळं बघ, असं काय काय तोंडाला येईल ते बोललो. तो उठला, "चुकला आसंल बाबा," म्हणाला आणि निघून गेला. बायको कप हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "अहो, हे आकडे कसले?" मी म्हणालो, "कंपनीचा नंबर असतो." त्या दिवशी मी बोललेलं हे सगळ्यात नीच वाक्य.

मी चालकाच्या जागेवर जाऊन बसलो, किल्ली फिरवली. मागून आक्काचा आवाज आला. "दाजी, निघालो का? चला. देवीवर आन् तुमच्यावर सोपवलंय मी, मला काय बी भ्या न्हाई."

इंजिन सुरू होतं, पण माझ्याने गिअर पडेना. सोपवलंय. मी आदल्या दुपारी देवीला जे म्हणालो होतो ते हेच नव्हतं का? नव्हतं. आक्काने स्वतःला सोपवलं होतं. मी माझी चूक देवीच्या अंगावर ढकलली होती. त्या एका शब्दाने माझी अशी काही लाज काढली की मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो, टेकडीकडे तोंड केलं, पण हात जोडायचंही धाडस झालं नाही. बायकोला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आक्काला मी बरोब्बर मागच्या चाकांवर झोपवलंय." मग बोईसर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

केळव्यावरून पालघर, पालघरहून बोईसर, बैलगाडीच्या चालीने गाडी परत आणली. आक्काला सांगितलं की टायर बदलायचे आहेत, जरा उशीर होईल. तिने "बरं" म्हटलं, का ते विचारलं नाही. टायरवाल्याने मागची जोडचाकं उतरवली तेव्हा कळलं की बाहेरून न दिसणाऱ्या आतल्या टायराला फुगा आला होता. त्याने त्यावर हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहब, ये तो पापड़ हो गया है. इसपे हाईवे जा रहे थे?" हमरस्त्यावर, चैत्राच्या उन्हात, त्या वेगात काय झालं असतं ते आजही मला पुरतं डोळ्यांपुढे आणवत नाही.

नवे टायर आल्यावर जुने टेंपोत घालून मी एडवणला गेलो. म्हातारा होडीपाशीच सापडला. "तुमीच ते रागावलेले दादा ना?" म्हणून तोच हसला. मी माफी मागितली, पायांना हात लावायला वाकलो, तर त्याने माझे हात धरले. "मना टायरं पायजे होती, म्हनून इचारला. त्यात माजा कसला मोटेपन?" मग त्याने एकेक टायर दाबून बघितला, चार होडीकडे सरकवले आणि दोन परत माझ्याकडे ढकलले. "ही दोन नको. धक्क्याला फाटतीन. होडीला पन नाय चालाची." होडीलाही न चालणारे ते दोन टायर मी परत टेंपोत चढवले. त्या म्हाताऱ्याला देवीने पाठवलं की टायरांच्या गरजेने, हा वाद मी कधी घातला नाही. माझ्यापुरतं दोन्ही एकच आहे.

दोन आठवडे उशिरा आम्ही कुलस्वामिनीला पोचलो. आक्का चार पावलं चालून गाभाऱ्यापुढे उभी राहिली, साडी अर्पण केली, खूप रडली. मला वाटलं, आता हिच्यापासून लपवणं म्हणजे परत तेच पॉलिश. मी तिथेच तिला सगळं सांगून टाकलं.

तिने डोळे पुसले. "मला ठावं हाय, दाजी. मी कुठं झोपले होते? त्या बाबाचं ऐकलं, तुमचंबी ऐकलं."

"मग आक्का, तुम्ही उतरला का नाहीत? भ्या नाही म्हणालात!"

"लई भ्या वाटत होतं. पर आरडून उतरले असते तर तुम्ही आनखी खोटं बोलला असता. म्हनून म्हटलं, तुमच्यावर सोपवलंय. मानूस हाय, ओझं दिलं की शहाणा हुतो."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, "अवो पाव्हणं, देवी तिकडं हाय." मला लवकर उठवेना.