राजेश्वरी मुसमाडेंची सही

राजेश्वरी मुसमाडे मूळच्या देवळाली प्रवराच्या. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात अकरा वर्षं भूगोल शिकवत होत्या, तासिका तत्त्वावर. दर जूनला नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक.

दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. मुली आईबापांबरोबर श्रीरामपूरकडे ऊसतोडीला जायच्या. बाईंनी त्यांच्यासाठी सगळा अभ्यासक्रम मोबाईलवर रेकॉर्ड केला. रविवारी ऑनलाईन बसून शंका सोडवायच्या. सृष्टी नावाची मुलगी उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीतून प्रश्न विचारायची आणि मागून तिच्या आईचा, झुंबरबाईचा आवाज यायचा, "बाईला इचार, जेवल्या का?"

मग विद्यापीठाचं पत्र आलं. काही विषय ऑनलाईन घ्यावेत का, प्राध्यापकांनी मत कळवावं. विभागप्रमुख सहादेव फुंदे सरांनी बैठक बोलावली.

"पोरं मोबाईलवर शिकली तर आपले तास कोण धरणार? तास गेले की पद गेलं," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पण ठरावात लिहिलं, ऑनलाईन शिक्षण ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हिताचं नाही. हजेरीही यापुढे वर्गातलीच धरायची ठरली. मी कायम नोकरीतला माणूस. मुकाट सही केली.

बाई म्हणाल्या, "सर, तोडीवरच्या मुलींचं काय?"

"मॅडम, तुमच्या नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावरून जातो."

त्यांनीही सही केली. नंतर कोणाकडे बघितलं नाही.

मार्चमध्ये हजेरी भरली नाही म्हणून चौदा मुलींना परीक्षेला बसू दिलं नाही. झुंबरबाईचा फोन आला तेव्हा बाई स्टाफरूममध्येच होत्या. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "बाई, तुमीच म्हनल्या हुत्या ना, मोबाईलवर शिकलं तरी चालतंय? पोरगी लई रडती."

"नियम आहे," बाई म्हणाल्या. नियमाखाली कोणाच्या सह्या आहेत, ते सांगितलं नाही.

त्या मुली परत आल्याच नाहीत. जूनमध्ये भूगोलाची एक तुकडी बंद पडली. कायम प्राध्यापकांनाच तास पुरेनात, मग तासिकेवरची जागा गेली. म्हणजे बाई गेल्या. फुंदे सरांनी शाल-नारळ देऊन निरोप दिला आणि ऑनलाईनच्या धोक्यांवर भाषण केलं.

बाई आता देवळालीत सातवीच्या शिकवण्या घेतात. सृष्टीचं लग्न झालं. यंदा नवऱ्याबरोबर कोयता घेऊन तोडीला गेली. हे मला बाईंनीच परवा फोनवर सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, तुमची नोकरी तर कोणी काढून घेणार नव्हतं. तुम्ही का बोलला नाहीत?"

रेंज जातेय असं सांगून मी फोन ठेवला.