मागचं चाक चोवीसचं

मुलाची जुनी गिअरची माउंटन बाइक मी ढकलत डिलाईल रोडच्या सायकलवाल्याकडे नेली. मुलगा कॅनडात असतो, आठ वर्षांत आलेला नाही. फोनवर म्हणाला होता, "जशीच्या तशी असेल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

सायकलवाला साठीचा असेल. नाव मी विचारलं नाही. त्याने आधी दोन्ही चाकं फिरवली आणि ती थांबेपर्यंत नुसता बघत राहिला. मग दांडीवरचं कुंकू नखाने खरवडून खालचं कंपनीचं नाव मोकळं केलं.

"दसऱ्याचं?"

"दरवर्षी लावते."

"आणि चालवतं कोण?"

"कोणी नाही. मुलाची आहे. जशीच्या तशी असेल तर येऊन नेणार आहे."

"सायकल अस्सल आहे, मावशी. आता अशी मिळत नाही. पण पुढचं चाक सव्वीस इंचाचं आणि मागचं चोवीसचं. चाळीत जिन्याखाली ठेवत होता ना? घाईत कोणीतरी आपलं पंक्चर चाक इथे लावून तुमचं नेलं असेल."

"मग सव्वीसचं बसवा. मुलाला काय कळतंय!"

"मुलगा चाकासाठी येणार आहे का?"

"तुम्ही तुमचं काम करा," मी म्हटलं.

पण खोटं मला जमत नाही. तिथूनच फोन लावला आणि चाकाचं सांगितलं.

"मग राहू दे, आई. भंगारात देऊन टाक," मुलगा म्हणाला.

सायकलवाल्याने ते ऐकलं असावं. त्याने स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मला कुठेही जायचं नव्हतं, तरी मी बसले नाही.