ट्रेमधला भरलेला कपॅसिटर

"बंद केलं म्हणजे संपलं, असं समजू नका," आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम म्हणायच्या आणि स्वतःच टेबलापासून मागं सरकायच्या. कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडम त्यातल्या.

पहिल्या तासाला त्यांनी तळहातावर तीन वस्तू दाखवल्या. रेझिस्टर वीज अडवतो, कपॅसिटर साठवतो आणि कॉइल विजेतला अचानक बदल रोखते. "यातलं कुणीही स्वतः वीज तयार करत नाही."

"म्हंजे गरीब हायत व्हय, मॅडम?" मागून लोहारा गावचा एक मुलगा म्हणाला.

"पोट भरलेला कपॅसिटर गरीब नसतो रे बाबा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. आमच्या बेंबळी गावच्या शेतात माझे चुलते शॉक लागून मोटारीच्या पेटीला चिकटून गेले होते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि प्रॅक्टिकलला माझा हात वस्तूपर्यंत जातच नव्हता. आर्ट्सला जाते, असं मी मॅडमना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. रोज वाटते. दिवाळीपर्यंत थांब, मग ठरव."

दिवाळीच्या आधीच ते घडलं. आमचं प्रॅक्टिकल सुरू होणार, इतक्यात तोच मुलगा पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, म्या गंमत केली. मोठा कपॅसिटर भरून ट्रेत टाकलाय. कोणता ते ध्यानात न्हाय."

ट्रेमध्ये सगळे एकसारखे काळे, डबीएवढे कपॅसिटर. भरलेला कोणता, हे डोळ्यांना दिसत नाही; कळतं ते झटका बसल्यावरच. मॅडमनी सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. प्लास्टिकच्या चिमट्यानं त्या एकेक उचलत, त्याच्या दोन पायांना मीटर लावत. शून्य. शून्य. त्यांच्या कपाळावरचा घाम आम्हाला लांबून दिसत होता.

मग मीटरवर तीनशे व्होल्ट उमटलं. मॅडमनी त्याच्या पायांना रेझिस्टर जोडला. आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला.

"सापडला!" कुणीतरी ओरडलं.

"एकच भरला होतास ना?" मॅडमनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "दोन असत्याल."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. चिमटा त्यांच्या हातातून टेबलावर पडला. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पण हाक कुणालाच मारली नाही. माझे पाय कसे पुढं गेले, मला सांगता येत नाही. चिमटा मी घेतला. मॅडम उठून शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी मला हात लावला नाही. अशा वेळी लावायचा नसतो, समोरचा दचकतो. दुसरा मला सापडला. त्याचा आकडा उतरेपर्यंत आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला होता.

मी आर्ट्सला गेले नाही. मॅडम तासिकेवर, म्हणजे तासागणिक पगारावर होत्या. यंदा त्यांना बोलावलं नाही. नवे सर धीट आहेत. बोलता बोलता ते न बघता ट्रेमध्ये हात घालतात, आणि मी डोळे मिटून घेते.