सात ओट्यांची वाट

आमचा बा इतका सावकाश चालायचा, की त्याच्यासोबत घरातून निघालेली कोंबडी अंडी घालून, उबवून, पिल्लं घेऊन त्याला परतीच्या वाटेवर भेटायची. खोटं वाटतंय? कोंबडी जिवंत असती तर साक्षीला आणली असती.

गुडघे गेले होते, तरी ऊन कललं की बा गल्लीतून हायवेच्या नाक्यावर जायचाच. तिथे त्याच्या लहानपणच्या दोस्ताची चहाची टपरी होती. मध्ये सात घरं, सात ओटे. बा प्रत्येक ओट्यावर टेकायचा. चौथ्या ओट्यावरची काकी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि वर विचारायची, "भावोजी, काल निघालात ते आज पोचलात व्हय?"

मी तेव्हा पंचायतीचा मेंबर. आवाज असा, की घाट चढणारा ट्रक जागीच बंद पडावा. मी ठराव मांडला. ओटे तोडा, गल्ली रुंद करा, टेंपो दारात आला पाहिजे. म्हाताऱ्यांची सोय होईल! पहिला घण मी आमच्याच ओट्यावर घातला. टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत एक ओटा उरला नाही.

बा दारातून बघत होता. "आता मी टेकू कुठं रं?"

"टेंपोत बसून जा की!"

"मी काय सिमेंटची गोण हाय?"

दुसऱ्या दिवशी तो निघाला. तिसऱ्या घरापर्यंत गेला, भिंत धरून उभा राहिला. पाय लटपटायला लागले तसा मागे फिरला. मग मी खुर्ची घेऊन त्याच्या मागे चालायला लागलो.

"मंत्री हाय का मी? लोकं हसत्यात. ने ती घरात."

त्यानंतर बा उंबऱ्याबाहेर पडला नाही. दोस्त एकदा किटली घेऊन आला, पण टपरी टाकून त्याला रोज कसं जमणार? बाला गुडघ्यांनी नाही, गल्लीनं घरात बसवलं. हे सगळ्यांना कळलं होतं. मला सगळ्यांत शेवटी कळलं.

वर्षभरात तो गेला. विसाव्यासाठी वाटेत एकदा तिरडी खाली ठेवतात. खांदेकरी आपसूक काकीच्या दारासमोर थांबले. ओटा नव्हता, म्हणून बाला रस्त्यावरच ठेवलं. काकी बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता.

मागे विटांचा टेंपो हॉर्न मारत होता. घाटातले ट्रक बंद पाडणाऱ्या माझ्याच्यानं त्याला "थांब" एवढंही म्हणवलं नाही.