नळीतलं झेंडूचं फूल
झेंडूचा वास आला की आमच्या भुकूमच्या घरातला खंडेनवमीचा पाट आठवतो. त्यावर कोयता, खुरपं आणि मधोमध माझं नेमबाजीचं एअर पिस्तूल. मी मामाकडे गेले होते. वडिलांनी हौसेनं त्याची पूजा केली आणि नळीच्या तोंडात देठासकट ओलं फूल खोचून ठेवलं. आठवड्यानं परतले तर नळी आतून गंजलेली, एक छर्रा धड जागी लागेना. राज्य स्पर्धा तोंडावर आणि ते मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलेलं. "शस्त्र हाय म्हनून पूजलं गं," एवढंच ते बोलले, आणि माझ्यासोबत पुण्यातली दुकानं पालथी घालू लागले. शेवटी खेळ सोडलेल्या एका बाईंनी आपल्या तसल्याच पिस्तुलाची नळी काढून दिली. ती बसवली, नेम परत आला, पण वडील पिस्तुलाजवळ फिरकेनात. पुढच्या खंडेनवमीला कुंकवाचा करंडा घेऊन दारातच थबकले. "ह्याला लांबनंच नमस्कार करू का?" मी पिस्तूल पेटीत बंद केलं आणि माझा उजवा हात पाटावर ठेवला. आता माझ्या स्पर्धा संपल्या, पिस्तूल कपाटात आहे. वडील मात्र अजूनही पाटावर कोयत्याशेजारी माझ्या हातापुरती जागा मोकळी ठेवतात.